अन्य माहितीचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत. म्हणत ते पाठीमागेच, पण चौथ्या मजल्यावरच्या भिंती प्लायवूडच्या, त्यामुळे ते त्याच्या कानावर आलंच होतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे. सिमेंट कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल लिहायचं काम तो चौदा वर्षं करत होता. वर्षाला एक अहवाल, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारं मूल. कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांसाठी कंपनीने काय काय केलं ते त्यात असे. किती शाळांना बाकं दिली, किती रोपं लावली, किती लोकांचे डोळे तपासले. आकडे यायचे ते ओबडधोबड, एकमेकांशी पटत नसलेले. त्यांना समजूत घालून एका ओळीत बसवणं, मग घासूनपुसून त्यांचं वाक्य करणं, हे त्याचं कसब. त्याचं वाक्य वाचताना कुणाला कुठे ठेच लागत नसे.

कारखाना शहरापासून सहा तासांवर होता. चौदा वर्षांत तो एकदाही तिथे गेला नव्हता. कुणी पाठवलं नाही, त्यानेही विचारलं नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती आणि दर रविवारी सकाळी फोन करायची. बावन्न वर्षांच्या माणसाचं घर जितकं शांत असावं त्यापेक्षा त्याचं घर जरा जास्तच शांत होतं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने खाणीजवळच्या वस्त्यांसाठी फिरता दवाखाना सुरू केला. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक सिस्टर आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर. महिन्याचा तपशील सिस्टरने छापील फॉर्मवर भरून पाठवायचा. तिकडे फोनला धड रेंज नव्हती, म्हणून फॉर्म कारखान्याच्या टपालाच्या थैलीतून यायचे आणि पाच तारखेच्या आसपास त्याच्या टेबलावर पडायचे. फॉर्मला दोन पानं होती. पहिल्यावर आकडे: पुरुष किती, स्त्रिया किती, मुलं किती, औषधं कोणती. दुसऱ्या पानावर फक्त एक मोठा रकाना, ‘अन्य माहिती’. बाकीच्या सगळ्या कामांच्या फॉर्मवर त्या रकान्यात एकच शब्द असायचा, ‘निरंक’. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. त्यामुळे तो दुसरं पान बघायचाच नाही, पहिलं पान फाइलला लावायचा.

सिस्टरचा पहिला फॉर्म आला तेव्हा दुसरं पान खाली पडलं, म्हणून उचलताना त्याने वाचलं.

“तिसऱ्या वस्तीतल्या आजी कॅल्शियमच्या गोळ्या स्वतः घेत नाहीत, शेळीला घालतात. आजींचे गुडघे अजून दुखतात. शेळी मजेत आहे.”

तो मोठ्याने हसला. पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंनी मान वर करून पाहिलं. त्यांनी त्याला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण आवाज ऐकला नव्हता.

अहवाल विभागाला खुलासा मागवायचा अधिकार होता. आकडा चुकला तर छोट्या पिवळ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून थैलीतून परत पाठवायचा. त्याने चिठ्ठी घेतली, खाली कार्बन ठेवला आणि लिहिलं: “आपण उल्लेख केलेल्या शेळीबाबत खुलासा व्हावा. सध्या प्रकृती कशी आहे, हे नोंदीसाठी आवश्यक आहे.”

चिठ्ठी थैलीत गेल्यावर त्याला घाम फुटला. कुणी वाचली तर? पण थैलीतलं कोण वाचतंय.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या पानावर उत्तर आलं. “खुलासा: शेळी गाभण आहे. आजींना मी आता माझ्यासमोर गोळी गिळायला लावते. त्या माझ्यावर रागावल्या आहेत. शेळीही.”

असं ते सुरू झालं. महिन्यातून एकदा तिचा रकाना, महिन्यातून एकदा त्याची चिठ्ठी. ती कधी रुग्णांचं लिहायची, कधी भलतंच. “गाडीच्या टपावर दोन पक्षी भांडत होते. ते उडून जाईपर्यंत ड्रायव्हरकाकांनी गाडी सुरू केली नाही. पुढच्या वस्तीला पोचायला वीस मिनिटं उशीर. कारण नोंदवावं म्हणून कळवते.” एकदा लिहिलं, “इथे पांढरे कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत राखाडी होतात. मी आता राखाडीच विकत घेते. आमच्या गावी नदीवर कपडे धुवायचो. त्यांना एक वास यायचा. तो आठवायला बसले तर परवा आठवेना.”

त्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला होता. मग चिठ्ठीवर त्याने पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ रोज चार वाजता कुंडी घेऊन येतात, उन्हात ठेवतात आणि साडेपाचला परत नेतात, कुंडीत नुसती माती आहे, अजून काही उगवलेलं नाही. शेवटी लिहिलं, “याबाबत खुलासा कुणाकडे मागवावा, कळत नाही.”

दुसरी पानं तो फाइलला लावत नसे. टेबलाच्या खालच्या खणात, आपल्या चिठ्ठ्यांच्या कार्बन-प्रतींसकट टाचणी लावून ठेवायचा. महिन्याचे पंचवीस दिवस कसेबसे ढकलायचे आणि मग थैलीकडे डोळे लावून बसायचं, असं त्याचं आयुष्य झालं. रस्त्यात काही गमतीचं दिसलं की मनात पहिला विचार यायचा, हे चिठ्ठीत घालू.

मुलीच्या ते लक्षात आलं. “बाबा, तुझ्या आवाजाला काय झालंय?”

“सर्दी असेल.”

“सर्दी नाही. उलट सर्दी गेल्यासारखा वाटतोय.”

सिस्टर दिसायला कशी असेल याचा तो विचार करायचा आणि तो विचार चालू आहे हे लक्षात आलं की फाइल उघडायचा. तिच्या घरी कोण आहे, हे त्याने विचारलं नाही. तशा प्रश्नाला चिठ्ठीत जागा नव्हती. तिनेच एकदा लिहिलं होतं की नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली, कागदावर अजून त्याचंच आडनाव लावते आणि आता ते आपलंच वाटतं.

तिसऱ्या वर्षी एका फॉर्मवरचं अक्षर वेगळं दिसलं. तिचंच होतं, पण दाबून काढलेलं.

“खाणीतला दगड कारखान्यात नेणारा पट्टा दोन वस्त्यांच्या डोक्यावरून जातो. त्याला झाकण नाही. त्या दोन वस्त्यांत मिळून मुलं एकसष्ट. त्यातल्या अडतीस मुलांचा खोकला तीन महिन्यांहून जास्त टिकून आहे. मी दोनदा मोजलं. डॉक्टर म्हणतात, औषध देत राहा. औषधाने जाणारा हा खोकला नाही. कृपया हे वर पोचवावं. या वेळी शेळीबिळी काही नाही.”

त्याने ते अहवालाच्या मसुद्यात घातलं, आरोग्याच्या पानावर, जसंच्या तसं. विभागप्रमुख मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्या त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या, हुशार होत्या आणि वाईट तर अजिबात नव्हत्या.

“हे तुम्ही मला सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “मी कारखान्याला मेल करते. पण अहवालात नको. अहवाल म्हणजे आपण काय केलं ते. काय राहिलं ते नाही.”

“पण मॅडम, मुलं...”

“मुलांवर उपचार झाले ना? किती झाले?”

त्याने आकडा सांगितला. श्वसनाच्या तक्रारींसाठी वर्षभरात अकराशे वेळा औषध दिलं गेलं होतं.

“मग तेच लिहा ना. केवढा मोठा आकडा आहे.”

तो टेबलाशी परत आला. वाक्य करायला त्याला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. “खाणपरिसरातील वस्त्यांमध्ये, रुग्णांच्या थेट दारापर्यंत पोहोचून, श्वसनविकारांवर अकराशेहून अधिक मोफत उपचार करण्यात आले.” दोन्ही स्वल्पविराम अगदी जागच्या जागी. वाचताना कुठे ठेच लागत नव्हती.

त्या वर्षीच्या अहवालाला बक्षीस मिळालं. काचेचा एक त्रिकोण आला, तो मॅडमनी केबिनमध्ये ठेवला. अहवालाच्या प्रती कारखान्यावर गेल्या. आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सिस्टरच्या फॉर्मचं दुसरं पान त्याने उलटलं, तर रकान्यात एक शब्द होता. निरंक.

थैली चुकली असेल, घाई असेल, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा निरंक. त्याने चिठ्ठी लिहिली, “अन्य माहितीबाबत खुलासा व्हावा.” उत्तर नाही. तिसऱ्या महिन्यात निरंक, चौथ्या महिन्यात निरंक. बायको गेल्यावर तिचे कपडे त्याने सहा महिने कपाटातून काढले नव्हते. कपाट उघडायचं, बघायचं, लावायचं. आता तो खण तसाच उघडून बघू लागला. फरक एवढाच की बायको आजाराने गेली होती, त्यात त्याचा हात नव्हता.

पाचव्या महिन्यात तो मॅडमकडे गेला आणि म्हणाला, “नवीन अहवालाआधी प्रत्यक्ष पाहणी करून यावी म्हणतो.”

“तुम्ही?” मॅडमना आश्चर्य लपवता आलं नाही. “जा ना. अवश्य जा.”

कारखान्याच्या फाटकाशी फिरता दवाखाना उभा होता. ड्रायव्हरकाका बॉनेटवरची धूळ कापडाने पुसत होते आणि पुसलेल्या जागी लगेच नवी बसत होती. गाडीतून सिस्टर खाली उतरली. त्याने मनात एक बारीक चणीची, हळू बोलणारी बाई धरली होती. ही उंच होती, आवाज खणखणीत, चष्म्याच्या एका दांडीला चिकटपट्टी. राखाडी साडी.

“मुख्य ऑफिसातून आलात ना? बसा पुढे. मागे औषधांची खोकी आहेत,” ती म्हणाली, “साहेब.”

त्या ‘साहेब’वरून त्याला कळायचं ते कळलं.

दिवसभर तो तिच्याबरोबर फिरला. तिने त्याला काम लावलं. नावं लिहून घ्या, रांग सरळ ठेवा, ही बाटली धरा. पट्ट्याखालच्या वस्तीत गाडी थांबली तेव्हा त्याने वर पाहिलं. लोखंडी खांबांवरून दगडाचा चुरा सरकत चालला होता, एकसारखी खरखर, आणि खाली पिठासारखं काहीतरी झरत होतं. पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, एका पोरीच्या केसांवर. पाच-सहा वर्षांची ती पोरगी पायरीवर बसून खोकत होती. खोकला संपला की आपलं खेळत होती, जणू मध्ये कुणी हाक मारली होती एवढंच. त्याने खिशातून रुमाल काढला आणि मग काय करावं ते न सुचून परत ठेवला.

त्या वस्तीत रांग लहान होती. चारच बायका.

दुपारी गाडीच्या पायरीवर बसून तिघांनी डबे उघडले. जेवण होताच ड्रायव्हरकाका टायर बघायला म्हणून उठले. टायर चांगले होते, पण माणूस शहाणा होता.

“ते वाक्य मी लिहिलं,” तो म्हणाला.

“माहीत आहे. तुमचे स्वल्पविराम ओळखते मी.”

“माझं चुकलं.”

 तिने डब्याचं झाकण लावलं, ते निघालं, पुन्हा लावलं. “मी लिहिलेलं गाळलंत, त्याचा राग नाही मला. मोठ्या ऑफिसात असं चालतं, एवढं कळतं. पण तुम्ही ते गाळलं नाहीत. तुम्ही ते उलटं केलंत. ती पायरीवरची पोर बघितलीत? ती गेल्या वर्षी चौदा वेळा आली माझ्याकडे. बरी होत नव्हती म्हणून आली. तुमच्या पुस्तकात ती एकटी चौदा आहे. ती जितकी जास्त आजारी, तितकी तुमची कंपनी चांगली.”

त्याने त्या पोरीच्या पायरीकडे पाहिलं.

“आणि आता रांग लहान का झाली, विचारा ना. आयांनी आणणं सोडलं. म्हणतात, सिस्टर, गोड औषध पाजून काय होतंय? म्हणजे या वर्षी तुमचा आकडा खाली येईल. मग लिहाल, आजार कमी झाले.”

पट्ट्याची खरखर चालू होती. ती उठली, साडी झटकली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “एक सांगते, म्हणजे मनात राहायला नको. महिनाभर मी काय काय बघायची ते तुमच्यासाठी राखून ठेवायची. कुणाला सांगायची नाही, शिळं होईल म्हणून. घरात बोलायला आहे कोण? मग ते वाक्य वाचलं आणि वाटलं, आपण इतके दिवस कुणाशी बोलत होतो?”

संध्याकाळच्या गाडीने तो परतला. फाटकाशी तिने नमस्कार केला, तोही औषधांची यादी हातात धरूनच.

महिन्याभराने नवीन अहवालाची तपासणी आली. बाहेरच्या संस्थेचा तपासनीस दरवर्षी येऊन आकडे खरे आहेत का ते बघायचा आणि शेवटच्या पानावर सही करायचा. हा तपासनीस स्वतःचा चहा थर्मासमधून आणायचा, कंपनीचा चहा घ्यायचा नाही, त्यामुळे सगळे त्याला जरा वचकून असत. बैठकीत त्याने आरोग्याच्या पानावर बोट ठेवलं.

“श्वसनाचे उपचार अकराशेवरून सातशेवर आलेत. कारण?”

“आजारांचं प्रमाण घटलं,” मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

“नाही,” तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत तो या बैठकीत ‘हो’ आणि ‘पान सत्तावीस’ यापलीकडे काही बोलला नव्हता.

“आजार घटले नाहीत. मुलं यायची बंद झाली. अडतीस मुलं आहेत, पट्ट्याखालच्या दोन वस्त्यांत. पट्टा उघडा आहे. मी बघून आलोय.”

“लेखी काही आहे?”

“सिस्टरनी कळवलेलं आहे. फॉर्मवर.”

“मग तो फॉर्म लागेल. आणि एकटा नाही चालणार,” तपासनीस म्हणाला. “एकच पान आणलंत तर ते नंतर घुसडलं असं कुणीही म्हणेल. सुरुवातीपासूनचे सगळे, क्रमाने, एकही न गाळता.”

तो उठला. टेबलापर्यंतची वीस पावलं त्याला फार लांब वाटली. खालचा खण उघडला. पक्षी, शेळी, नदीवरचे कपडे, तिच्या नवऱ्याचं आडनाव, आणि टाचणीला टाचणी लावून त्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्या. त्यातलं अडतीस मुलांचं पान तेवढं वेगळं काढता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते बाकीच्यांच्या मधोमध होतं. या जगात त्याचं असं जे काही होतं ते एवढंच, आणि ते चार परक्या माणसांसमोर नेऊन ठेवायचं होतं. त्याने गठ्ठा उचलला.

तपासनीसाने एकेक पान वाचलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. शेळीपाशी त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पुढे पुढे तो हळू वाचू लागला. एका चिठ्ठीपाशी थांबून त्याने चष्म्यावरून समोर पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी. मॅडमही वाचत होत्या. त्याचे कान तापले होते, पण मान त्याने खाली घातली नाही.

“हे पुरेसं आहे,” तपासनीस शेवटी म्हणाला. “हे मूळ कागद माझ्या फाइलला लागतील. नियम आहे.” त्याने प्रत्येक पानावर क्रमांकाचा शिक्का मारला, गठ्ठा पाकिटात घातला, पाकीट बॅगेत. झेरॉक्स काढून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही. बॅग लिफ्टमधून खाली गेल्यावर ते त्याच्या लक्षात आलं.

मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या.  “तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत.”

“सांगितलं होतं, मॅडम.”

“हो,” त्या म्हणाल्या. “सांगितलं होतंत.”

अडतीस मुलांची ओळ अहवालात आली, बारीक अक्षरात, सत्तेचाळीसाव्या पानावर. कंपनीने पट्टा झाकायचं लेखी कबूल केलं. त्याला अहवालावरून काढून कर्मचाऱ्यांसाठी दरमहा निघणाऱ्या चार पानी घडीपत्रिकेवर टाकलं. आता तो वाढदिवसांच्या शुभेच्छा लिहायचा. आणि फॉर्म बदलले. तपासणीच्या शेऱ्यात म्हटलं होतं की मोकळ्या मजकुराची पडताळणी अवघड जाते, तेव्हा माहिती एकसारख्या साच्यात घ्यावी. नव्या संस्थेकडे दवाखान्याचं काम गेलं. त्यांच्या मुलींच्या हातात टॅबलेट होते. त्यांवर आकड्यांचे चौकोन होते. लिहायची जागा नव्हती.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याच्या टेबलावरचा फोन वाजला.

“स्वल्पविराम साहेब आहेत का?”

तो उभाच राहिला. “सिस्टर?”

“कारखान्याच्या बाहेरच्या दुकानातून बोलतेय. मागे माणसं थांबलीयेत. आमचं काम सुटलं, तुम्हाला कळलंच असेल. मी गावी चाललेय. तिथल्या प्रसूतिगृहात जागा आहे. भाऊ म्हणतोय ये.”

“माझ्यामुळे...”

“तुमच्यामुळे नाही. आणि असलंच तरी मुलांसाठी झालं. सत्तेचाळीसावं पान वाचलं मी. एकही स्वल्पविराम नाही त्यात.”

“नाही घातला.”

 कागदावर इतकं बोललेली दोन माणसं, आणि फोनवर काही सुचेना. तिकडे कुणीतरी म्हणालं, आटपा बाई.

“सगळे कागद द्यावे लागले,” तो घाईने म्हणाला. “सगळे. शेळीचासुद्धा.”

ती हसली. तिचं हसणं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मग तिचा आवाज जरा उतरला. “म्हणजे तुमच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, आणि तुमच्याकडे माझं काहीच नाही.”

“नाही.”

“पत्ता लिहून घ्या,” ती म्हणाली.

त्याने घडीपत्रिकेच्या मसुद्यावरच, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बाजूला, तिचा पत्ता लिहून घेतला.

सात महिन्यांनी पट्ट्यावर पत्रा चढला. ते त्याला ड्रायव्हरकाकांनी फोन करून सांगितलं. एका बाजूचा पत्रा अजून बाकी होता. “खोकला?” त्याने विचारलं. “कमी आहे, साहेब,” काका म्हणाले. “गेला नाही. पण ती पायरीवरची पोर शाळेत जायला लागली.”

हे सिस्टरला कळवायला हवं, म्हणून तो पत्र लिहायला बसला. आठ-दहा वेळा बसला. कंपनीचं कारण नाही, थैली नाही, खुलासा मागवायचा अधिकार नाही. नुसता एक कोरा कागद आणि त्यावर वर काय लिहायचं, हाच प्रश्न. सिस्टर? तिचं नाव? प्रिय हा शब्द तो लिहायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. एक पत्र त्याने पुरं केलं, तर ते वाचताना कुठेच ठेच लागेना. त्याने ते फाडून टाकलं.

रविवारी मुलीने विचारलं, “बाबा, तुझा आवाज परत पहिल्यासारखा झालाय. काय झालं?” आणि त्याने, सांगायचं असं ठरवलं नसताना, सगळं सांगितलं. शेळीपासून.  शेवटी ती म्हणाली, “मग जा ना. कुणी अडवलंय?”

“रजा मिळत नाही.”

“किती शिल्लक आहे?”

“एकशे चाळीस दिवस.”

“बाबा!”

शनिवारी तो बसस्थानकावर गेला. चौकशीच्या खिडकीत एक तरुण बाई बसल्या होत्या. त्याने गावाचं नाव सांगून विचारलं, किती वेळ लागतो. सतरा तास, त्या म्हणाल्या, मध्ये दोनदा बस बदलायची, किती तिकिटं? फक्त चौकशी करतोय, असं म्हणून तो घरी आला. पुढच्या शनिवारी तो परत गेला, रस्ता कुठून कुठून जातो ते विचारायला. त्याच्या पुढच्या शनिवारी, वाटेत जेवायला बस कुठे थांबते ते विचारायला. तोवर त्या बाईंना तो पाठ झाला होता. लांबून दिसला तरी त्या शेजारणीला कोपराने खुणावायच्या.

एका शनिवारी सकाळी खिडकीसमोर कुणीच नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “काका, रागावू नका, एक विचारू? तिकडे कोण आहे तुमचं?”

त्याला खरं उत्तर माहीत नव्हतं. बहीण नाही, व्याही नाही, कुठल्याच नात्यात ते बसत नव्हतं. “आमचं पत्रांचं बोलणं होतं,” तो म्हणाला. “मध्ये बंद पडलं.”

“त्यांना माहीत आहे तुम्ही येणार ते?”

“नाही.”

“आणि नसतील भेटल्या तर?”

“तर परत येईन. सतरा तास.”

बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. “साडेदहाची आहे. खिडकीजवळची एकच जागा उरलीय, पण मागे आहे, चाकावर. धक्के बसतील.”

“चालेल,” तो म्हणाला. “एक द्या.”

त्याच्याजवळ पिशवीसुद्धा नव्हती. अंगावरचा सदरा, खिशात चष्मा आणि तिचा पत्ता लिहिलेला घडीपत्रिकेचा तुकडा. बस निघाली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. शहर संपायला खूप वेळ लागला. गोदामं, पेट्रोल पंप, अर्धवट बांधलेले पूल. भेटल्यावर पहिलं काय बोलायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला. एक वाक्य सुचलं, ते मोडलं. दुसरं सुचलं, तेही मोडलं. मागचं चाक खड्ड्यात आपटलं आणि त्याचं डोकं काचेवर आदळलं. शेजारच्या आजींनी, “लागलं का हो?” असं विचारलं.

“लागलं,” तो म्हणाला आणि कपाळ चोळत बाहेर बघू लागला.